साध्या रिंगांची जोडी

घड्याळवालीला राग यायला फारसं कारण लागत नसे, पण त्या दिवशी बंदुकांच्या दुकानात तिला आलेला राग अगदी रास्त होता. रायफलीवर दुर्बीण धरून ठेवणाऱ्या दोन रिंगा घ्यायला ती नणंदेबरोबर गेली होती. दुकानदाराने रायफल बघितली नाही, दुर्बिणीच्या नळीची जाडी विचारली नाही, सरळ सगळ्यात वरच्या फळीवरची सगळ्यात महाग पेटी काढून समोर ठेवली. का महाग, असं विचारलं तर म्हणाला, नाव बघा ना कंपनीचं. साध्या रिंगा लावाल तर दुर्बीण हातात येईल, गॅरंटी. हा शब्द त्याच्या प्रत्येक वाक्याला चिकटलेला असे, म्हणून नेमबाजी क्लबातले सगळे त्याला पाठीमागे गॅरंटीसाहेब म्हणत. समोर कुणी म्हणत नसे, कारण क्लबात साहित्याची तपासणी करणाराही तोच होता. विकणारा तोच आणि पास करणाराही तोच, आणि यात कुणालाच काही वावगं दिसत नव्हतं. घड्याळवालीला दिसत होतं.

नणंद शाळेची बस चालवायची. वडिलांची जुनी रायफल आणि रविवारची सकाळ, एवढीच तिची चैन. संघात शेवटची एक जागा उरली होती आणि वयाच्या अटीमुळे हे तिचं शेवटचं वर्ष होतं. नजर आता साथ देईना म्हणून जुन्यापुराण्यातली एक चांगली दुर्बीण तिने मिळवली, आणि त्यातच हात आखडला. तिला गॅरंटीसाहेबाशी वाद नको होता. अडतीस पोरं मागे कोकलत असताना जिचा आवाज चढत नाही, ती दुकानात काय चढवणार? घड्याळवालीच्या मते नणंदेत हा एकच दोष होता, पण तो फार मोठा होता.

तिने खालच्या फळीवरच्या साध्या पोलादी रिंगांच्या सहा पेट्या उघडायला लावल्या. गॅरंटीसाहेबाने विचारलं, “भाजी निवडताय का?”

“भाजीवाला निवडू देतो,” घड्याळवाली म्हणाली आणि पर्समधून जाडी मोजायचं स्वतःचं व्हर्नियर काढलं.

सव्वीस वर्षं माणसांच्या मनगटावरची यंत्रं उघडून बसवलेल्या तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. स्वस्त वस्तू वाईट असतेच असं नाही, पण ती एकसारखी नसते. एका रिंगेचं भोक जरा सैल, एकीचा तळ तिरका, एकीच्या स्क्रूचे आटे गुळगुळीत. तिने एकेक रिंग काउंटरच्या काचेवर ठेवून बोटाने दाबली, डुगडुगली की बाजूला. उंचीही बघितली. फार उंच रिंग म्हणजे गाल दस्त्यावर टेकत नाही, फार बुटकी म्हणजे दुर्बिणीचं तोंड रायफलीच्या नळीला घासतं. शेवटी तिसऱ्या पेटीतली एक आणि पाचव्या पेटीतली एक अशी बिनतक्रार जोडी जमली. पेट्या मोडायच्या नाहीत म्हणून गॅरंटीसाहेब अडून बसला. नणंद म्हणाली, जाऊ दे वहिनी. वहिनीने अर्थातच जाऊ दिलं नाही.

दुर्बीण बसवली ती जेवणाच्या टेबलावर. रायफल रिकामी आहे हे दोघींनी एकेकदा पाहिलं, गोळी आत ढकलणारा बोल्ट काढून कपाटात ठेवला. घड्याळवालीने रायफलीच्या पाठीवरच्या खाचेच्या पट्टीवरचं तेल पुसून काढलं, रिंगांचे खालचे भाग खाचेत पुढे रेटून आवळले आणि वर दुर्बीण नुसती टेकवली. मग नणंद जमिनीवर सतरंजी टाकून पालथी झाली, डोळे मिटून गाल टेकवला आणि उघडल्यावर पूर्ण गोल दिसतोय का ते सांगू लागली. बोटभर मागे, तसूभर पुढे, असं करत जागा ठरली. खिडकीत दोऱ्याला नट बांधून लटकवला होता. दुर्बिणीतली उभी रेघ त्या दोऱ्याशी जुळली तेव्हाच वरचे भाग चढले. मग स्क्रू. डावा पाव वळसा, समोरचा उजवा पाव वळसा, दोन्हीकडची फट सारखी राहिली पाहिजे. घड्याळवालीचा नवरा मध्येच लांबलचक पाना घेऊन मदतीला आला.

“जोर लावायचा असता तर तुमच्याकडे आधीच आले असते,” असं म्हणून तिने त्याची बोळवण केली.

पुढचे दोन आठवडे नणंद रोज सकाळी बस काढायच्या आधी क्लबात गेली. साठ गोळ्या झाडल्या आणि साठाव्या गोळीचं भोक पहिलीच्या शेजारी पडलं. रिंगा जागच्या हलल्या नव्हत्या. त्या दिवशी नणंद पहिल्यांदा म्हणाली की आपल्याला ती जागा मिळेल असं वाटतंय, आणि लगेच लाजली.

निवडीच्या दिवशी सकाळी आठला तपासणी झाली. गॅरंटीसाहेबाने रिंगांकडे बघून नाक मुरडलं, पण कागदावर सही केली. सरावाच्या गोळ्या झाल्या. नेमबाजांच्या ओळीत तिसऱ्या जागेवर नणंद, पाचव्या जागेवर कॉलेजातली एक मुलगी, दोघीही उत्तम मारत होत्या. गुणांच्या चाळीस गोळ्या सुरू व्हायला पाच मिनिटं होती, आणि तेवढ्यात गॅरंटीसाहेब हत्यारांची पेटी घेऊन तिसऱ्या जागेवर आला. साध्या रिंगा आहेत, सुरक्षिततेचा प्रश्न आहे, उघडून बघाव्या लागतील, म्हणाला.

दोरीमागे उभ्या असलेल्या घड्याळवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिंग एकदा उघडली की दोन आठवड्यांची जुळणी संपली. सरावाच्या गोळ्या तर संपलेल्याच. पुढची गोळी कुठे जाईल ते कुणीही सांगू शकलं नसतं, आणि हे त्या माणसाला इतर सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं, कारण तो त्याच वस्तू विकत होता. सकाळी सही करताना सुरक्षितता झोपली होती का? ती दोरी ओलांडून निघालीच, पण मुख्य पंचांनी तिला हात दाखवून थांबवलं. या पंचबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि कुणाच्याच नातेवाइकांचं त्यांना कौतुक नव्हतं. प्रेक्षक आत आला तर नेमबाज बाद, त्यांनी शांतपणे बजावलं. घड्याळवालीने ओठ दाताखाली धरले आणि मागे झाली. आता सगळं नणंदेवर होतं, म्हणजे संपलंच, असं तिला वाटलं.

नणंद सतरंजीवरून उठली, गुडघे झटकले आणि बसमधल्या पोरांना सांगावं त्याच आवाजात म्हणाली, “उघडा. पण मग ओळीतल्या सगळ्यांच्या उघडा. मी तिसरी आहे, पहिल्यापासून सुरू करा.”

पहिल्या जागेवरच्या गृहस्थाने गॅरंटीसाहेबाकडूनच ती महागडी पेटी घेतली होती. त्याने पटकन रायफलीवर हात ठेवला. पंचबाईंनी नियमांचा कागद चाळला आणि एकतर सगळ्यांच्या, नाहीतर कुणाच्याच नाही, असा निकाल दिला. गॅरंटीसाहेबाने पेटी मिटली.

सामना सुरू झाला. एकोणचाळीस गोळ्यांनंतर नणंद आणि ती मुलगी अगदी बरोबरीत होत्या, बाकीचे मागे पडले होते. शेवटच्या गोळीला मुलीने दहा मारले. नणंदेने नऊ. एका गुणाने जागा गेली.

तोच घड्याळवालीच्या शेजारून ओळखीचा आवाज आला. गॅरंटीसाहेब चारचौघांना ऐकू जाईल असा सांगत होता, “मी म्हटलंच होतं. साधी रिंग, ऐन वेळी हलली. गॅरंटी.”

पंचबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. साहित्य तपासनीस म्हणून हे तुमचं मत आहे का, असं विचारलं. तो छाती काढून हो म्हणाला. त्यावर त्या नणंदेकडे वळल्या आणि म्हणाल्या, की ऐन वेळी साहित्य बिघडलं असेल तर नियमाप्रमाणे ती एक गोळी पुन्हा मारता येते. तुमची तशी तक्रार आहे का?

गॅरंटीसाहेबाचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण घड्याळवालीला तो बघायला सवड नव्हती. आपण बसवलेली रिंग हलली, असं कागदावर लिहायचं? सव्वीस वर्षांत तिच्या हातचा एक स्क्रू सैल निघाला नव्हता. आणि तेही या माणसासमोर, त्याच्याच तोंडच्या शब्दांत? तिला गिळता येईना. तरी तिने ते गिळलं. नणंदेच्या कानाशी जाऊन म्हणाली, “हो म्हण. हलली म्हण. माझं काय जातंय?”

नणंदेने तिच्याकडे बघितलं, मग रायफल उचलली. बोल्ट उघडा असल्याची खात्री करून ती गॅरंटीसाहेबासमोरच्या टेबलावर ठेवली.

“आता उघडा,” ती म्हणाली. “आता मला घाई नाही.”

त्याने चारी बाजूंना बघितलं, पण पंचबाई समोरच उभ्या होत्या. त्याला पाना काढावा लागला. एकेक स्क्रू उघडला, रिंगांचे वरचे भाग निघाले. रिंग सरकली असती तर दुर्बिणीच्या नळीवर चकचकीत ओरखडा उठला असता. पंचबाईंनी नळी उजेडात धरून फिरवली. एवढासाही ओरखडा नव्हता.

“लिहा,” नणंद गॅरंटीसाहेबाला म्हणाली. “रिंगा हलल्या नाहीत. मी हलले.”

त्याने लिहिलं आणि खाली सही केली. पुन्हा मारता आली असती ती एक गोळी तिथेच कागदावर संपली, जागा पाचव्या जागेवरच्या मुलीला गेली. आणि घड्याळवालीला नणंदेचा इतका राग आला की टेबलावरचे चार सुटे स्क्रू गोळा करताना तिला ते नीट दिसेनात.