चिंचेवरची वानरी

वानरी डीपीवरून पडली तेव्हा मी गच्चीत प्रांजलला कोवळ्या उन्हात घेऊन बसले होते. फाटकन आवाज झाला, गावातली लाइट गेली आणि समोरच्या चिंचेवरची टोळी ओरडत सुटली. वाकून पाहिलं तर ती रस्त्यावर उताणी पडलेली. पोटाला पिल्लू चिकटलेलं, जिवंत.

त्या वानरीला मी ओळखत होते. माहेराहून बाळ घेऊन वाईजवळच्या या गावात आल्यापासून माझ्या सकाळी गच्चीतच जायच्या. नवरा फौजेत, दूर. कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं होतं. त्यातली एक बघत बसायची सवय तेवढी उरलेली. ही माझ्यामागून बाळंत झाली. काळं पिल्लू, गुलाबी तोंडाचं. पहिल्याच दिवशी टोळीतल्या बाकीच्या माद्यांनी ते हातोहात फिरवलं. आई निवांत पाला ओरबाडत बसायची आणि पिल्लू मावश्यांकडे. मी शेजारी कुणी शिंकलं तरी प्रांजलला आत नेणारी.

गावात वानर मेलं की माणसासारखं सगळं करतात. भजनातल्या तात्याबांनी टाळ काढले, पोरांनी बांबू आणले, तिरडी झाली, गुलाल आला. पण पिल्लू आईला सोडेना.

"वडू नगासा, बोटं मोडतील," असं म्हणत माझी मोठी जाऊ पुढं झाली. संयोगिताताई, विट्याची. तिनं खाली बसून एकेक बोट सोडवलं. पिल्लानं मग तिच्याच पदराला मिठी मारली.

"घ्या, गावली बया त्याला आई!" तात्याबा बोलून गेले. एकदोघं हसले आणि लगेच गप्प झाले. ताईचं बाळ गेल्या श्रावणात दवाखान्यातच गेलं होतं, हे गावात कुणाला माहीत नव्हतं?

"संयोगिता, ठिव ते खाली," आमच्या सासूबाई, मनुबाई, हळूच म्हणाल्या. "लळा लागंल."

"कुटं ठिवू, आत्या? सोडतंय का ते?"

मी वनरक्षकाला फोन लावला. तो म्हणाला, टोळी जवळच असेल तर आधी तिच्यासमोर ठेवून बघा, दूध पाजणारी मादी कधीकधी जवळ घेते. तोवर मी निघतोच. टोळीत आणखी एक लेकुरवाळी होती. मी रोज बघत होते तिला. तिचं पिल्लू जरा थोराड, पण अजून अंगावर पीत होतं. माझी सगळी भिस्त तिच्यावर.

"आनि तिनं न्हाई घेतलं तर?" ताईनं विचारलं. कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध त्याच्या तोंडात पिळायचा तिचा प्रयत्न चालला होता. दूध गालावरून ओघळत होतं.

"दुसरी कुणी घेईल ना. टाकत नाहीत त्या."

"घेत्याल गं. पाजंल कोण?"

आम्ही पिल्लू कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून मागं सरलो. लेकुरवाळी खाली आली. तिनं वास घेतला. पिल्लानं हात लांब केला, तसं तिनं आपलं पोर छातीशी आवळलं आणि ह्याला बाजूला सारलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर लोक टाळ्या वाजवत होते. एक कोवळी वानरी, अजून एकदाही न व्यालेली, पिल्लाला उचलून चिंचेच्या शेंड्याला पोचली होती.

"बजरंगबली की जय!" तात्याबा ओरडले. आत्यांनी हात जोडले.

ती त्याला चाटत होती, अंगावरचे केस उलगडून साफ करत होती. पिल्लू तिच्या छातीवर तोंड फिरवत होतं, या बाजूला, मग त्या बाजूला. इकडं मला पान्हा फुटला. मी आत जाऊन प्रांजलला घेतलं.

वनरक्षक आला तेव्हा उशीर झाला होता. हुसकावलं तर वरून पडेल, म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तो चिंचेखाली बसून राहिला. पिल्लाचा चिरका आवाज बारीक होत गेला. तिसऱ्या दिवशी तो ऐकू आला नाही.

वानरीनं मात्र सोडलं नाही. एका हातानं पाला खायची, दुसऱ्यानं ते लुळं अंग धरायची. मान लोंबायची, ती सावरायची.

"हिनं कमी न्हाई केलं," ताई म्हणाली. "हिच्याजवळ नव्हतंच."

दुपारी माझे मोठे दीर, ताईचे यजमान मानसिंगदादा, दोघांना घेऊन आले. हातात फटाक्यांची माळ. आईला पुरलं होतं तिच्याशेजारी पिल्लालाही पुरायचं गावानं ठरवलं होतं. आवाज केला की वानरी दचकून ते टाकेल. ताई जाऊन चिंचेच्या बुंध्याशी उभी राहिली.

"बाजूला हो."

"न्हाई."

"मेलंय ते, संयोगिता."

"तिला आजून तसं वाटंना. ऱ्हाऊ द्या की तिच्यापाशी."

"आगं, आईशेजारी नीट पुरतो. फुलं घालतो. समदं करतो."

"करशीला. वानराचं समदं करता तुमी." तिचा आवाज चढला नाही. "माजं कुटं पुरलं?"

टाळ घेऊन येणारे तात्याबा रस्त्यातच थांबले. एवढ्या महिन्यांत हे तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही कुणी विषय काढला नव्हता. ती गुंगीत असताना दादांनी बाळ टॉवेलात गुंडाळून नेलं होतं. इतक्या लहानाचं काही करायचं नसतं, आईला दाखवायचं नसतं, असं मोठी माणसं म्हणाली होती.

"वड्याच्या पल्याड," दादा खाली बघत म्हणाले. "बाभळीखाली."

"पोरगी हुती न्हवं?"

"व्हय."

"मला दावली बी न्हाईसा."

"तुला तरास हुईल म्हनून..."

"मग ही बगा. हिला कमी तरास हाय व्हय? पर हात तर रिकामा न्हाई हिचा."

दादांनी माळ खिशात कोंबली. बरोबरचे दोघं न सांगताच मागं फिरले.

उन्हं उतरताना टोळी उसाच्या बाजूला निघाली. कोवळी वानरी सगळ्यांत मागं. तीन पायांवर चालायची, थांबायची, पिल्लू पुन्हा पोटाशी घ्यायची. ऊस हलायचा थांबला तरी ताई तिकडंच बघत होती.

दादांनी घरातून तिच्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या.

"चल," म्हणाले. "दावतो."

तिनं चपलांकडे पाहिलं. मग पायात घालून निघाली. दादा पुढं, ती मागं, ओढ्याच्या वाटेला. आत प्रांजल भुकेनं रडायला लागली होती. ती दोघं वळणाआड जाईपर्यंत मला उंबऱ्यावरून हलता आलं नाही.