पन्नासातली एक पुंगळी

आमच्या अग्निशमन दलाला दर हिवाळ्यात नवा पंप हवा असतो आणि त्यासाठी दर हिवाळ्यात बंदुकांची सोडत निघते. त्या वर्षी मला रायफल लागली. मला खरं तर दुसरं बक्षीस हवं होतं, मांस ठेवायचा मोठा फ्रीझर. पण लागलेली वस्तू परत करणं आमच्या भागात उद्धटपणाचं समजतात. म्हणून एक्कावन्नाव्या वर्षी, वीस वर्षांनी, मी पुन्हा नेमबाजीच्या क्लबची पायरी चढले.

मी शाळेची बस चालवते. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्यामध्ये पाच तास मोकळे असतात. एप्रिलमध्ये एका दुपारी दगडाच्या खाणीमागच्या मैदानावर जाऊन मी शंभर वार अंतरावरून पाच गोळ्या मारल्या. त्या ताटाएवढ्या जागेत विखुरल्या. शेजारच्या बाकावर वर्लिन स्टालनेकर बसले होते. वय एकोणऐंशी. सदतीस वर्षं एका कारखान्यात साचे घडवून निवृत्त झालेले. त्यांची पाच भोकं एका लहान नाण्याखाली झाकली गेली असती. त्यांनी आपली दुर्बीण माझ्या लक्ष्याकडे वळवली आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"लक्ष्य आहे."

"ते दिसतंय मला. काडतुसं कुणाची?"

"दुकानातली."

"म्हणजे कुणाचीच नाहीत," वर्लिन म्हणाले. "पुंगळ्या फेकू नकोस, गोळा कर. आणि मंगळवारी घरी ये. जेवून ये पण. आमच्या आर्डिथने या वयात मीठ सोडलंय, तिच्याबरोबर सगळ्यांनाच सोडावं लागतं."

आर्डिथ त्यांची बायको. बासष्ट वर्षांचा संसार. मंगळवारी दार त्यांनीच उघडलं आणि मला तळघराचा जिना दाखवला. "मी खाली येत नाही," त्या म्हणाल्या. "मला तिथे बोलायची परवानगी नाही. काही हवं असलं तर मी नळाच्या पाइपावर चमचा वाजवते. दोनदा वाजवला तर जेवण, तीनदा वाजवला तर कुणीतरी मेलंय."

काडतूस घरी भरायचं म्हणजे काय ते मी त्या तळघरात शिकले. एकदा उडालेली पितळी पुंगळी फेकायची नाही. ती घासून पुसून घ्यायची, साच्यातून दाबून पुन्हा मापात आणायची, तळाला ठिणगी देणारी नवी टिकली बसवायची, बारूद तोलून आत ओतायची आणि वरून गोळी दाबून बसवायची. सांगायला दोन मिनिटं लागतात. मला पहिली वीस काडतुसं भरायला चार दुपारी लागल्या, कारण वर्लिनना प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीसारखीच हवी असे. पुंगळीची लांबी तीच, बारूदचं वजन तेच, गोळीची खोली तीच. बंदूक काही चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिला दर वेळी वेगळं खायला दिलं तर ती दर वेळी वेगळी वागणारच.

टेबलावर एका वेळी बारूदचा एकच डबा असायचा. बाकीचे कपाटात, आणि कपाट बंद. रेडिओ नाही. फोन वर, आर्डिथकडे. सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या पन्नास भोकांत उभ्या करून भरल्या की गोळ्या बसवण्याआधी बॅटरी घेऊन एकेकीच्या तोंडात डोकवायचं आणि बारूद सारख्याच उंचीवर आहे ना ते पाहायचं. एक जरी वेगळी दिसली तरी पन्नासच्या पन्नास पुन्हा डब्यात ओतायच्या आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

मे महिन्यात माझी एक कमी भरली. मी बारूदचा चमचा उचलला.

"काय करतेस?" वर्लिन म्हणाले.

"एकच आहे. तेवढीच नीट करते."

"तुझं लक्ष गेलं होतं ना?"

"क्षणभर गेलं असेल."

"कुठल्या पुंगळीपाशी गेलं आणि कुठल्या पुंगळीपाशी परत आलं, सांग बघू."

मला सांगता येईना.

"मग ओत," ते म्हणाले आणि स्वतः खुर्चीत टेकून डोळे मिटून बसले. मी मनातल्या मनात त्यांना बरंच काही म्हणाले आणि पन्नास पुंगळ्या ओतल्या.

पण जून येईपर्यंत माझ्या पाच गोळ्या एका अक्रोडाखाली झाकल्या जायला लागल्या होत्या आणि मला म्हातारा आवडायला लागला होता. मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं, म्हणून क्लबला मीच त्यांना न्यायचे. सप्टेंबरात आमच्याकडे हजार वार अंतरावरच्या नेमबाजीचा वार्षिक सामना असतो. वर्लिननी तो एकेचाळीस वर्षांत एकदाही चुकवला नव्हता. कारखाना गेला, दोन भाऊ गेले, गाडी गेली, पण सप्टेंबरचा सामना होता. जानेवारीपासून ते त्याच्याच तयारीत असत. बाकीचं वर्ष त्यांच्या लेखी नुसतं मधे यायचं.

जूनमध्ये एका मंगळवारी त्यांनी आपल्या पन्नास भरल्या, बॅटरीने तपासल्या आणि मला म्हणाले, "सरावासाठी तूही बघून घे." वर पाइपावर चमचा दोनदा वाजला होता. ते जिना चढत होते. मी बघायला लागले. चौथ्या रांगेतली एक पुंगळी पूर्ण रिकामी होती.

रिकामी पुंगळी म्हणजे नुसती वाया गेलेली गोळी नव्हे. खालची टिकली एकटी फुटते, तिच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यात जाऊन अडकते, आणि मागून दुसरी गोळी सुटली तर रायफल गालाशी फुटते. हे मला वर्लिननीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

मी जिन्याकडे पाहिलं. ते अजून तिसऱ्या पायरीवर होते, कठड्याला धरून. मी बारूद तोलली, ती पुंगळी भरली आणि वर जेवायला गेले. जेवताना वर्लिन वाऱ्याबद्दल बोलत होते आणि मला त्यांची फार दया येत होती. टेबलही काढून घेतलं तर या माणसाकडे काय उरणार, असं मला वाटत होतं. आपण काहीतरी चांगलं केलं असंही वाटत होतं, हेही सांगून टाकते.

जुलैच्या सुरुवातीला पुन्हा एक रिकामी निघाली. महिन्याच्या शेवटी एक अर्धी. दोन्ही वेळा मी तेच केलं. मधल्या शनिवारी क्लबचा छोटा सामना झाला, त्यात वर्लिन तिसरे आले आणि येताना गाडीत पूर्ण वेळ स्वतःची तारीफ करत होते.

ऑगस्टच्या तिसऱ्या मंगळवारी मी खाली उतरले तेव्हा त्यांच्या पन्नास पुंगळ्या भरून झाल्या होत्या आणि टेबलावर दोन डबे होते. दोन्ही काळे, सारख्याच आकाराचे. एक त्यांच्या रायफलचा. दुसरा पिस्तुलाच्या बारूदचा, जी भसकन जळते. रायफलच्या पुंगळीत ती तेवढ्याच वजनाने भरली तर बंदुकीचे तुकडे होतात. मोजमापाच्या नळकांड्यात दुसऱ्या डब्यातले चपटे करडे दाणे दिसत होते.

हे चमच्याने नीट होण्यातलं नव्हतं.

"वर्लिन," मी म्हणाले, "डबा चुकलाय."

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"तू हलवलास," ते म्हणाले.

"मी आत्ताच आले. अजून पिशवीपण खाली ठेवली नाही."

"कपाटातून डबा तू काढलास. मागच्या मंगळवारी. मी साठ वर्षं हे करतोय, ट्विला. तू बस चालवतेस."

मला राग आला. "जूनमध्येही एक पुंगळी रिकामी होती तुमची," मी म्हणाले. "मी भरली."

त्यांनी मोजमापाचं नळकांडं बाजूला सरकवलं. मग हळूच म्हणाले, "घरी जा."

मी गेले. त्यानंतर दोन आठवडे बोलावणं नाही. बस घेऊन त्यांच्या घरावरून जाताना मी वेग कमी करायचे. अंगणात आर्डिथ टोमॅटो काढताना दिसायच्या. त्या हात करायच्या, मी हात करायचे. वर्लिन दिसायचे नाहीत. ते पुन्हा एकटेच तळघरात बसले असतील आणि तसलीच काडतुसं घेऊन सामन्याला येतील, हा विचार डोक्यातून जायचा नाही. आर्डिथना फोन करावा असं रोज वाटायचं आणि रोज तो करायचा राहून जायचा.

सामन्याच्या आधीच्या बुधवारी मी फेरीवरून आले तर माझ्या ओसरीवर एक खोका होता. आत वर्लिनच्या पन्नास पुंगळ्या, साफ करून मापात आणलेल्या. त्यांच्या रायफलचे साचे. गोळ्यांची पेटी, योग्य तो डबा आणि एका कार्डावर वजनाचा आकडा. चिठ्ठी नव्हती. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आमच्यात कुणी आपल्या बंदुकीत घालत नाही. नवऱ्याने भरलेलं बायको घालत नाही. मी तो खोका घेऊन ओसरीवर जरा वेळ बसूनच राहिले.

मला दोन दुपारी लागल्या. दोनदा मी सगळ्या ओतल्या. एकदा तर खरं म्हणजे गरज नव्हती.

शनिवारी धुकं नऊला विरलं. वर्लिन रायफलमागे बसले आणि त्यांच्या डाव्या हाताला, नेहमीच्या खुर्चीत, दुर्बीण आणि वही घेऊन आर्डिथ. दहा गोळ्यांची फेरी होती. पहिल्या सहा छान एका जागी बसल्या. मग वारा फिरला, उरलेल्या चार डावीकडे गेल्या आणि वर्लिन चौदा जणांत नववे आले.

आमच्याकडे हरलेला माणूस नेहमी काडतुसांना दोष देतो. कुणीतरी हसत म्हणालंसुद्धा, "काय वर्लिन, बारूद भिजली का?"

"काडतुसं चोख होती," वर्लिन म्हणाले. "ट्विलाने भरलीत. वारा मी चुकीचा वाचला."

ते ऐकून बाकावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

आर्डिथ जेवणाच्या रांगेत गेल्या. वर्लिन माझ्या पिकअप गाडीच्या मागच्या उघड्या फळीवर बसले आणि मलाही बसायची खूण केली.

"जूनमधली ती एकच होती?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "आणखी दोन होत्या," मी म्हणाले. "दोन्ही जुलैत."

"आणि तू काय केलंस?"

"त्या तेवढ्या भरल्या."

"बाकीच्या?"

"तशाच ठेवल्या."

वर्लिननी मान हलवली. रागावल्यासारखे दिसले नाहीत. "का?"

"तुम्ही सगळं सोडून द्याल असं वाटलं. वाईट वाटलं मला तुमचं."

"मला वाईट वाटलं असतं तर चाललं असतं की." ते जेवणाच्या रांगेकडे बघत होते. तिथून आर्डिथ हॅमचं सँडविच आणि बीटमध्ये मुरवलेली लाल अंडी एका थाळीत सांभाळत आमच्याकडे येत होत्या. "जुलैच्या सामन्यात ही माझ्या डाव्या हाताला बसली होती. वीतभर अंतरावर. रायफल फुटली असती तर ती बाजू आधी गेली असती."

मी सरकून फळीवर थाळीसाठी जागा केली.

"मी माझं सांगितलंय तिला," वर्लिन म्हणाले. "तुझं तू सांग."

आर्डिथनी थाळी फळीवर ठेवली. मी त्यांना जूनपासून सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. हातरुमालाने बोटांना लागलेला बीटचा रंग पुसत त्या ऐकत होत्या.

"जुलैच्या सामन्याला तू नेहमीसारखी माझ्याजवळ नव्हतीस," त्या म्हणाल्या. "कुठे बसली होतीस गं?"

"मागे," मी म्हणाले. "तिथल्या सिमेंटच्या खांबाआड."