ओला अंगठा आणि हलकं बटण

मित्रांनो, मी एक जुना वाचनडबा आहे आणि स्वस्थ बसणं मला जन्मात जमलेलं नाही. माझ्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक काळं टिंब सारखं लुकलुकायचं. लोकांना वाटे, यंत्र चालू असल्याची ती खूण आहे. खरं सांगू? ती माझी तगमग होती. पुढचं पान कधी येतंय, याची.

वाचनडबा म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालची आहे. मिरजेत आप्पासोंचा एक लहानसा कारखाना होता. दूध डेअरीत वजनाचे आकडे दाखवणारी यंत्रं तिथं बनत. कुंडलचा धम्मपाल तिथं कारागीर होता. आकडे दिसतात तर अक्षरं का दिसू नयेत, हा भुंगा त्याच्या डोक्यात शिरला आणि काही केल्या निघेना. त्याने एका चिपमध्ये सात पुस्तकांतल्या गोष्टी भरल्या, तळहाताएवढा पडदा लावला, चार पेन्सिल सेल घातले आणि दोन बटणं बसवली. एक पुढच्या पानाचं, एक मागच्या. पडद्यावर चारच ओळी मावत, म्हणून चार ओळींचं माझं एक पान. असा मी जन्माला आलो.

कुंडलच्या वाचनालयाचे अध्यक्ष नानासो मला बघायला मिरजेला आले. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "डबा झ्याक हाय, पर दीड हजाराच्या आत बसवा. आदी म्हैनाभर आमच्यात ठिवा. चालला तर आसपासच्या वाचनालयांसाठी पंचवीस घेतो."

ते गेल्यावर आप्पासो धम्मपालला म्हणाले, "ही ऑर्डर आली, तर ह्या डब्यांचं येगळं काम काढू. तूच त्याचा मुख्य. न्हाई आली, तर दुधाचं आकडं हायतच."

त्या दिवसापासून धम्मपालची झोप उडाली आणि माझीही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक, पण कुठला पाय आखडायचा ते कोण सांगणार? पडदा लहान करता येत नव्हता. चिप महागच होती. उरलं माझं अंग आणि माझी बटणं. माझं अंग सतारी बनवणाऱ्या सतारमेकरांकडून आणलेल्या उरल्यासुरल्या लाकडाचं होतं, वर लाखेचं पॉलिश, त्याची मजुरीच भारी. बटणं रबराने बंद केलेली होती, त्यांच्यात पाण्याचा थेंबही शिरत नसे. दोन्ही ठेवली तर मी दीड हजारात बसत नव्हतो.

"बटणं हलकी घाल," आप्पासो म्हणाले. "गिऱ्हाईक आदी डोळ्यानं घेतं रं. बटणाच्या आत कोण बघतंय?"

धम्मपाल एका हातात चांगलं बटण आणि दुसऱ्या हातात मला धरून बराच वेळ उभा राहिला. मग त्याने कडेला फट असलेली, टिकटिक वाजणारी स्वस्तातली बटणं बसवली. नवा कोट आणि फाटकी चप्पल घालून वरातीला निघाल्यासारखं मला झालं. पण आम्हाला तोंड कुठं असतं?

कुंडलच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलावर माझी जागा झाली. पहिले दोन दिवस गर्दी उसळली. "सतारीवाणी दिसतोय," असं म्हणून लोक माझ्या अंगावरून हात फिरवत. दुसऱ्या पानापर्यंत मात्र कुणी जाईना. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे दोनच झाले.

रोज येणारी एकच होती. धम्मपालची आई, मुक्ताबाई. पन्नाशी उलटल्यावर साक्षरता वर्गात ती वाचायला शिकली होती. शेतातलं तण काढायची भांगलण उरकून ती दुपारी चारला यायची, हात धुऊन माझ्यापुढे बसायची आणि ओठ हलवत एकेक अक्षर वेचायची. माझ्या चार ओळींना तिला इतका वेळ लागे की माझं टिंब लुकलुकून दमे. पान संपलं की ती अंगठा जिभेला लावायची आणि मग बटण दाबायची. वर्गातल्या बाई पुस्तकाचं पान तसंच उलटत. वाचणं आणि अंगठा ओला करणं ही तिच्या लेखी एकच विद्या होती. त्याच अंगठ्याने तिने आयुष्यभर कागदांवर शाईचे ठसे उमटवले होते. आता तो पानं उलटत होता, आणि मला त्याचा फार अभिमान वाटे.

नवव्या दिवशी ती जाळ्यात सापडलेल्या हरणाची गोष्ट वाचत होती. शिकारी सुरी घेऊन झाडामागून निघाला, इथं माझं पान संपलं. तिने अंगठा ओला करून बटण दाबलं. पान उलटेना. पुन्हा दाबलं. हरीण जाळ्यात, शिकारी झाडापाशी, आणि मी मध्ये अडकलेला. ती दिवेलागणीपर्यंत तशीच बसून राहिली.

नानासोंनी निरोप धाडला. आप्पासो आणि धम्मपाल आले. वाचनालयात सात-आठ माणसं होती, भिंतीशी मुक्ताबाई होती.

"ही रोज थुकी लावून दाबती," नानासो म्हणाले. "आमी बघितलंय."

आप्पासोंचा चेहरा एकदम मोकळा झाला. "आवं, मग काय व्हनार? मशिनीला वलं बोट चालत न्हाई. बाकी डबा एक लंबर हाय."

"आसं व्हय. मग वाचणाऱ्यास्नी तसं सांगू. ऑर्डर पक्की समजा."

मुक्ताबाईने लेकाकडे पाहिलं. लेक हातातल्या पेचकसाकडे पाहत होता. मी आतल्या आत तडफडत होतो. बोल रे बाबा, बोल. त्याने पेचकस खिशात घातला. मुक्ताबाईने अंगठा पदराला पुसला आणि उठली.

"माजं चुकलं," ती म्हणाली. "मला काय ठावं, यंत्राला बी इटाळ व्हतो."

ती निघून गेली आणि परत वाचनालयाची पायरी चढली नाही.

मिरजेला परत नेऊन धम्मपालने मला उघडलं. बटणाच्या आत हिरवा गंज चढला होता. तो मला हातात घेई, खाली ठेवी, बाहेर जाई, परत येई. चार दिवस त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पाचव्या दिवशी त्याने माझं लाकडी अंग उतरवलं आणि मला पत्र्याच्या साध्या डब्यात घातलं. मग वाचलेल्या पैशांतून ती जुनी रबरी बटणं बसवली. दीड हजारात मी आरामात बसलो. आधीच का नाही सुचलं, असं मी म्हणणार नाही. त्याला आधीच ठाऊक होतं.

रविवारी त्याने मला घरी आईपुढे ठेवलं. पडद्यावर तेच पान होतं. "आई, वाच. अंगठा वला करून दाब."

तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. "हितं नगं. बोल चारचौघांत लागला, चारचौघांतच निघू दे."

मग ती दोघं वाचनालयात गेली, मी धम्मपालच्या काखेत. रविवार असल्याने टेबलाभोवती माणसं होती.

"नानासो," धम्मपाल म्हणाला, "थुकी लावली म्हनून पुस्तक कवा बंद पडलंय का? लाकडाला पैसं घातलं आन् बटणात वाचवलं. बटण हलकं हाय, ह्ये मला ठावं हुतं. आईनं न्हाई, मी बिगाडलाय डबा."

नानासोंनी चष्मा काढला. "म्हंजी पंचवीस डबं तसंच आमच्या गळ्यात मारलं असतंस."

"व्हय."

"मग ऑर्डर इसर." त्यांनी मला जवळ ओढलं. "दिसतोय तर डबड्यावाणी. ऱ्हाऊ दे हितंच."

मुक्ताबाई पुढे आली. तिने सगळ्यांच्या देखत अंगठा जिभेला लावला आणि बटण दाबलं. पान उलटलं. आणि आजवर ओठांतल्या ओठांत वाचणारी ती बाई मोठ्याने वाचू लागली, "शि-का-ऱ्याने जा-ळे का-प-ले." वर्तमानपत्रं खाली झाली. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या पत्र्याची लाज वाटली नाही.

आप्पासो धम्मपालवर वर्षभर धुमसत होते. वेगळं काम निघालं नाही. तो पुन्हा दुधाच्या आकड्यांकडे गेला. सुट्टीच्या दिवशी तो एकेक वाचनडबा करी, मागेल त्याला देई. आम्ही भावंडं सगळी मिळून अकरा झालो, सगळी पत्र्याची, सगळ्यांची बटणं चांगली.

पुढे आमच्याहून हुशार यंत्रं आली आणि मी कपाटावर गेलो. ही तक्रार नाही, जगरहाटी आहे. पण तुम्ही मोठेपणी काही बनवायला घ्याल, तेव्हा स्वस्त जरूर बनवा. गरिबाच्या हाती पडायचं तर स्वस्त असायलाच हवं. फक्त काटकसर कुठं करायची, ते वापरणाऱ्याचा हात बघून ठरवा. आणि वस्तू बिघडली, तर त्या हाताला आधी दोष देऊ नका.

माझा पडदा कधीच विझला, टिंबही गेलं. मुक्ताबाईही आता नाही. पण कुणी धूळ पुसून सेल घातले आणि अंगठा ओला करून बटण दाबलं, तर आत पान अजून उलटतं. दिसत नाही, इतकंच.