कच्चा टाका

मृणालिनीबाईंनी करड्या झग्याची शिवण चाचपली आणि झगा उजेडाकडे धरला. शिवण मशीनची होती. बारीक, दुहेरी, ओढून तुटणार नाही अशी.

खारीगावातल्या हॉलमध्ये खुर्च्या भरत आल्या होत्या. नवऱ्याच्या नोकरीपायी बाईंची उमेदीची वर्षं जपानात गेली. तिथलं नृत्य त्या तिथेच शिकल्या आणि आता सोसायटीतल्या मुलांना शिकवत होत्या. आज इशिता करड्या झग्यात हिवाळा होऊन नाचणार होती. मग अंगभर काळे कपडे घातलेली दुसरी मुलगी, भूमिका, मागून येऊन कच्च्या टाक्यांचे दोरे ओढणार, करडा झगा गळून पडणार आणि आतून लालभडक वसंत उमलणार. सगळा नाच त्या एका ओढीसाठी. काळ्या कपड्यातलं माणूस नसल्यासारखंच मानायचं ही तिकडची रीत, पण भूमिकाच्या आईला, शुभदाला, ती पटवताना बाईंच्या नाकी नऊ आले होते. आणि इस्त्रीसाठी झगा घरी नेला होता तो तिनेच.

हे टाके कोणी घातले, असं बाईंनी विचारलं.

"मीच की. किती कच्चं शिवलं होतं, बाई! स्टेजवर सुटलं असतं म्हणजे?"

"सुटायलाच हवं होतं गं."

शुभदाचा चेहरा पडला. पण लगेच तिने तोडगाही काढला. ते ओढणं राहू द्यावं आणि भूमिकाला इशिताशेजारी नाचू द्यावं, ओढणीबिढणी मिळेलच कुणाची तरी.

"मला नाही नाचायचं," तोंडावरचा काळा पडदा वर करत भूमिका म्हणाली. "मला ओढायचंय. एवढे दिवस तेच शिकलेय मी."

मग कुणी वाद घातला नाही. मायलेकी उसवायला बसल्या. कमिटीचे जितेंद्रभाई दोनदा डोकावून पाहुणे खोळंबल्याचं सांगून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा बाईंनी त्यांना पाहुण्यांना आणखी एक हार घालायला सांगितलं. शुभदाने नवे टाके घालायला घेतले, पण हाताला सवय घट्ट शिवायची.

"आई, परत पक्कं केलंस. काढ ते."

शुभदाने काढलं.

विंगेतून बाई बघत राहिल्या. भूमिका वाकून आली, दोरे सरसर निघाले. उजव्या बाहीपाशी मात्र एक टाका अडला आणि करडा झगा तिथेच लोंबकळला. भूमिका गडबडली नाही. दोरा बोटाला गुंडाळून तिने इशिता गिरकी घेईपर्यंत थांबून हिसडा दिला. झगा खाली आला. हॉलभर "अरे!" उमटलं आणि मग टाळ्या.

बाईंच्या शेजारी शुभदा डोळे पुसत होती.

"छान झालं हो, बाई," ती म्हणाली. "आता तरी नीट शिवून ठेवू ना?"

बाईंनी तिच्या हातातली सुई काढून घेतली.