विटका माल

तिने काउंटरवरचा तागा कोपराने बाजूला सारला आणि पिशवीतून कॅमेरा काढून ठेवला.

"काका, ती सगळ्यात जुनी वही काढली का?"

"काढतोय ना. बसा की जरा. तुम्ही म्हणजे कायम घोड्यावर बसूनच येता."

दुकानदार काका एका गिऱ्हाइकाला पडद्याचं कापड फाडून देत होते. ती बसली, उठली, दारापर्यंत जाऊन आली, पुन्हा बसली. जिवाला चैन म्हणून नव्हतं.

खरं तर चैन नसायला कारणही नव्हतं. काकांच्या आजोबांपासूनच्या आवक वह्या या दुकानात जपून ठेवलेल्या होत्या. माल कुठून आला, काय भावाने आला, सगळं रोजच्या रोज टिपलेलं. आणि प्रत्येक नोंदीशेजारी त्याच कापडाचा नखाएवढा तुकडा खळीने चिकटवलेला. पुढच्या खेपेला रंग जुळवून मागवता यावा म्हणून. इतर अभ्यासक अशा वह्यांतले आकडे वाचत. तिची नजर तुकड्यांवर गेली होती. एवढ्या जुन्या वह्या, आणि तुकडे लालभडक! म्हणजे न विटणारा पक्का रंग या बाजारात लोक समजतात त्याच्या चांगली एक पिढी आधीच येऊन पोचला होता. हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. उद्या ती ते भर परिषदेत म्हणणार होती, आणि त्या निबंधावर तिची लोंबकळत पडलेली नोकरी कायम व्हायची होती.

पण काल तिचे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले, "रंग इतका ताजा कसा गं? बघ जरा." ते डोळ्यात गेलेल्या कुसळासारखं सलत होतं. बंद कपाटात होत्या वह्या, सर, असं तिने ठणकावून सांगितलं खरं. रात्रभर मात्र कूस बदलत राहिली. सगळ्यात जुन्या वहीतही तोच लाल निघाला की सरांचं तोंड बंद. निदान तिचं स्वतःचं तरी.

गिऱ्हाईक हटेना. तिला दम निघेना. ती सरळ मागच्या खोलीत शिरली.

खिडकीपाशी काकू बसल्या होत्या. मांडीवर ती वही, शेजारी कात्री, वाटीत खळ. ओल्या फडक्याने त्यांनी एक तुकडा भिजवला, नखाने अलगद सोलला, केराच्या डब्यात टाकला आणि त्या जागी नवा लाल तुकडा दाबून बसवला.

"आलात? दोनच पानं राहिली हो. उगाच ताटकळलात."

"काकू, हे काय करताय?"

"विटके तुकडे काढतेय. तुम्ही फोटो काढलेल्या वह्यांचं तुम्ही पहिल्यांदा यायच्या आधीच उरकलं होतं. मान मोडून गेली माझी, पण यांचा हट्ट."

काका मागोमाग आलेच. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "अहो, विटका नमुना दाखवला की गिऱ्हाईक उठलंच म्हणून समजा. आमच्या वडिलांची शिकवण. आणि तुम्ही तर पहिल्या फोनवरच म्हणालात, चार मोठ्या लोकांत फोटो दाखवणार. मग माळ्यावरचे पडून राहिलेले तागे काढले, पोत बघून बघून जुळवला. जुळलाय की नाही?"

"जुळलाय," ती म्हणाली. न जुळता तर ती फसली असती का?

तिथेच जमिनीवर तिने बसकण मारली. रडावं की हसावं तेच कळेना. या माणसावर ओरडावं, तर तो पाहुणचार केल्यासारखा समोर उभा.

"जुने तुकडे कुठायत?"

"ते कशाला ठेवतोय? गेले केरात." मग तिचा चेहरा बघून काका चपापले. "काही चुकलं का आमचं?"

"मला जुनेच हवे होते, काका."

"हात्तिच्या, मग आधी सांगायचं. गच्चीवर उन्हात टाकतो सगळ्या वह्या. थोड्या दिवसांत असे विटतील की बघत राहाल. नाहीतर असू द्या आहेत तसे. कुणाला कळतंय?"

खरंच, कुणाला कळणार होतं? खोलीत तिघं, आणि त्यातल्या दोघांना यात कळण्यासारखं काही आहे हेच ठाऊक नव्हतं. सरांना सांगता आलं असतं, बघितलं, सगळं ठीक आहे. तिला ती नोकरी हवी होती. अगदी पोटातून हवी होती.

काकूंनी बोट खळीत बुडवलं. "मग, ही दोन पानं करू की राहू देत?"

करा, हा शब्द तिच्या अगदी ओठावर आला होता. तिने उरलेल्या पानांकडे पाहिलं. तुकडे जेमतेम लाल म्हणावेत असे, कडेने तर पार पांढरे पडलेले. शेजारी आजोबांच्या हातचं वळणदार अक्षर: "लाल, उत्तम."

"राहू देत," ती म्हणाली. आवाज आपला नाहीच असं तिला वाटलं. "वही द्या इकडे."

तिने वही उजेडात धरली आणि कॅमेरा नीट केला. तेवढ्यात काकांनी पुढे होऊन पानावर पंजा ठेवला.

"नका हो याचा फोटो घेऊ. एवढ्या लोकांसमोर असला माल? आमच्या दुकानाची अब्रू जाईल."

"उद्या माझी आधी जाणार आहे, काका," ती म्हणाली, आणि त्यांचा हात हळूच उचलून बाजूला ठेवला.