आतला मिस्त्री

शकू दुकानामागच्या पायरीवर बसून पुरुषाची चप्पल दगडावर घासत होती. टाचेची बाहेरची बाजू जरा जास्त, कारण मिस्त्री किंचित फेंगडा चालतो, असं तिनं फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. आता ज्या माणसाला पायच नाहीत त्याच्या चपला आपोआप झिजणार कशा? म्हणून अधूनमधून, रविवारी, हा उद्योग.

पाय नव्हते तसे जगदीश मिस्त्रीला हातही नव्हते, आणि आईबापही. त्याचा जन्म दहिवलीतल्या या गाळ्याच्या काउंटरवर झाला. शकू आधी खोपोलीच्या एका कारखान्यात मोटारींत तांब्याची तार भरायची. कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा तिनं इथं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. पहिलंच गिऱ्हाईक खांद्यावर मोटार घेऊन आलं आणि तिच्या डोक्यावरून आत बघत म्हणालं, "मिस्त्री कुठायत?"

"आत. कामात हायेत." शकूच्या तोंडून निघून गेलं.

माणसानं मोटार खाली ठेवली. त्याच्या तोंडावर जो निर्धास्तपणा पसरला तो बघून शकूनं मिस्त्रीला कायमचा ठेवून घेतला.

ठेवून घेतला म्हटल्यावर मागोमाग त्याचा सगळा बारदाना आला. नाव आलं. तापट स्वभाव आला. कोणी भावात घासाघीस केली की शकू पडद्याआड जाई, जरा थांबे आणि बाहेर येऊन सांगे, "नाय म्हनतात. वर मलाच बोलले." कारखान्याच्या आवाजानं गेलेला एक कान आला, म्हणजे कोणी हाका मारायला नको. गुरुवारचा उपास आला. दोरीवर शर्ट आला. आणि साक्षीदारांचा तर या मुलखात कधीच तोटा नव्हता. एकानं मिस्त्रीला नेरळच्या बाजारात बोंबील निवडताना पाहिलं होतं, तेही गुरुवारी. एकीच्या मामेबहिणीला तो सांगून आला होता आणि नाकातली चमकी आवडली नाही म्हणून नकार देऊन गेला होता. पोशीरच्या धाऊनं तर त्याच्या हातची तंबाखू खाल्ली होती.

संध्याकाळी शटर ओढलं की मिस्त्री बाहेर येई. भात जास्त झाला की दोष त्याचा.

"आज बोलत नाय तुमी," शकू म्हणे.

आणि तो बोलत नसे.

"शकूताई!"

पुढून हाक आली तशी चपला पडद्याशी ठेवून ती बाहेर आली. काउंटरशी कमलेश उभा होता. खालापूरकडं मुंबईवाल्यांचे बंगले झालेत, तिथला मॅनेजर. बाकावर धाऊ होता, सकाळी मोटार न्यायला आलेला आणि उठायचं विसरलेला.

"सगळ्या बंगल्यांच्या मोटारी वर्षभर तुमच्याकडे द्यायच्यात," कमलेश म्हणाला. "काम चांगलं असतं तुमचं. फक्त मिस्त्रींना उद्या साइटवर आणा. बंगलेवाल्यांच्या कमिटीला माणूस बघायचाय."

"ते कुठं जात नाहीत."

"मग अवघड आहे, ताई. खोपोलीत दुसरे आहेत. थांबा, मीच बोलतो त्यांच्याशी."

तो पडद्याकडं वळला. शकू आडवी आली. पावसाळ्यात शेतावरच्या मोटारी झोपत, त्यांच्याबरोबर दुकानही झोपे. मागच्या आषाढात तिनं गाळा सोडायचं जवळजवळ ठरवलंच होतं. हे काम आलं तर दुकान टिकणार होतं. मिस्त्रीला ताप आलाय, हे वाक्य जिभेवर तयार होतं. तिनं ते गिळलं आणि पडदा स्वतःच्या हातानं बाजूला केला. आत एक टेबल, तारेची रिळं, स्टोव्ह आणि एका माणसाची खाट.

"बघा. कोनी नाय. कधीच कोनी नव्हतं. तार मी भरते, बेअरिंग मी बदलते. पहिल्यापासून मीच."

कमलेश हसला. धाऊ मात्र हसला नाही. त्याला लागलं होतं.

"काय बोलतेस गं शकू? मंग तंबाखू मला काय वाऱ्यानं दिली?"

"धाऊदादा, तू कोनाची तंबाखू खाल्लीस ते मला काय म्हाईत?"

"आनि ह्या कोनाच्या?" धाऊनं पडद्याजवळची चप्पल उचलली आणि कमलेशच्या नाकासमोर धरली. "ही टाच बघा, सायब. बाहेरनं झिजलीय. फेंगड्या मानसाची चप्पल हाय ही. आता बोला!"

कमलेशनं टाच बघितली. त्याची खात्री पटली. शकूचं इतकं चोख उतरलेलं काम आजवर कोणी इतक्या बारकाईनं पाहिलं नव्हतं.

"भांडलीत जनू," धाऊ हळूच म्हणाला.

"ताई, घरातलं घरात मिटवा," कमलेशनं घड्याळ बघितलं. "मी खोपोलीत विचारतो."

तो पायरीवरून उतरला. शकूनं धाऊच्या हातातली चप्पल काढून घेतली.

"थांबा. होता. काढून टाकला."

कमलेश वळला. "काढला?"

"काल. दुकान माझं, भाडं मी भरते. गिऱ्हाइकासमोर यायला ज्याला लाज वाटते तो मानूस ठेवून काय करू? काम तेव्हा मी करत होते, उद्याही मीच करनार. कमिटीला बघायचंय तर मला बघू दे. दहा वाजता गाडी पाठवा. माझी हत्यारं जड असतात."

स्वतःचा हा आवाज शकूनंही कधी ऐकला नव्हता. मोटार भरणाऱ्या बाईवर ज्याचा घडीभरापूर्वी विश्वास बसला नव्हता, त्याचा मिस्त्रीला हाकलणाऱ्या बाईवर मात्र तिथल्या तिथं बसला.

"दहाला पाठवतो, मॅडम," तो म्हणाला.

काम मिळालं. पाटीवर शकूचं नाव आलं, तेही तिनंच रंगवलं. गिऱ्हाइकं आता तिच्या डोक्यावरून आत बघत नव्हती. कोणी घासाघीस केली तर ती जागची न हलता नाही म्हणायची, आणि लोक ऐकायचे. बाई खमकी आहे, मिस्त्रीला एका दिवसात वाटेला लावला, असं बाजारात बोललं जाई. दोरीवरच्या शर्टाचं फडकं झालं. संध्याकाळी ती अगदी मोजका भात लावायची, आणि तो उरत नसे. आधी तो बोलत नसे. आता कोणीच बोलत नव्हतं.

माघातल्या एका तिन्हीसांजेला धाऊ वालाच्या शेंगा घेऊन आला. पिशवी काउंटरवर ठेवून उगाच पाटीकडं बघत राहिला.

"काल खोपोलीला गेल्तो."

"बरं."

"तो दिसला."

"कोन?"

"कोन काय? तुझा मिस्त्री. एसटी स्टँडच्या मागं. हाक मारली, पन कान गेलेला ना त्याचा, ऐकतोय कुठला? वाळलाय पार."

शकूनं त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. धाऊ शपथेवर सांगितल्यासारखा गंभीर होता. खाली ओढायला धरलेलं शटर तिनं पुन्हा वर ढकललं, आतलं स्टूल आणून त्याच्यापुढं ठेवलं आणि शेंगांची पिशवी उलगडायला घेतली. बऱ्याच शेंगा सोलून झाल्या.

"एकटाच होता?" मान वर न करता तिनं विचारलं.