शेवटच्या रांगेतली जागा

दहाला बुकिंग उघडणार म्हणून मी साडेनऊलाच शिलाई मशीनवरून उठले. गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर तशीच सुईखाली. म्हटलं, बोंबलू दे त्याला, आज आईचं तिकीट आधी.

आई सात महिने घराबाहेर पडली नव्हती. जिन्यावरून पडली, खुबा मोडला, तेव्हापासून चाकाची खुर्ची. सोमवारी पुन्हा ऑपरेशन, मग तीन महिने पलंग. "त्याआधी एकदा मोठ्या पडद्यावर बघायचंय गं त्याला," एवढंच तिनं मागितलं होतं. तो म्हणजे तिचा लाडका हिरो. साठी उलटली तरी मेला अजून गाड्या उडवतोय. आणि रविवारच्या खेळाला अख्ख्या थिएटरात चाकाच्या खुर्चीची जागा एकच. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, शेजारी सोबतीच्या माणसाची एक सीट.

बाबांना सकाळीच बजावलं होतं, "तुम्ही फोनला हात लावू नका. घोळ घालाल." जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, उठून आतल्या खोलीत गेला. रुसले असतील, मला काय!

दहा वाजले. फोनवर चक्र फिरायला लागलं. 'तुमच्या पुढे ४,२११ जण.' अरे, फुकट वाटताय की काय! पान पुन्हा उघडलं तर रांगेच्या शेपटाला, म्हणून डोळ्याची पापणी न हलवता बसले. वीस मिनिटांनी आत घुसले, तर त्या दोन्ही जागा पिवळ्या. 'दुसरा ग्राहक बुक करत आहे.'

माझं डोकंच फिरलं.

"कोण मुडदा बसलाय तिथे!" मी ओरडले. "धडधाकट असशील मेल्या, पाय पसरायला मिळतात म्हणून आजाऱ्याची जागा अडवतोस? हात झडोत तुझे!"

"अगं, हळू," आई म्हणाली. "त्यांच्याही घरी कोणी असेल अडलेलं."

"मग घे ना पटकन! अंडी उबवतोय का? एवढं जमत नाही तर फोन कशाला धरावा माणसानं!"

तेवढ्यात जागा हिरव्या झाल्या. मी बोट टेकवलं. लाल. तिसऱ्याच कुणीतरी मारल्या. मी फोन कापडांच्या ढिगावर भिरकावला.

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. दारात बाबा उभे होते, हातात त्यांचा फोन.

"त्या मला मिळाल्या होत्या," ते म्हणाले. "नऊपासून बसलो होतो. तुला न सांगता काढून द्याव्यात म्हटलं. बँकेचा आकडा आला मेसेजमध्ये, तो कुठे टाकायचा ते कळेना. विचारायला इथपर्यंत आलो होतो."

"मग विचारलं का नाही?" मी किंचाळलेच.

बाबांनी फोन खिशात घातला. "तू रागात होतीस."

मी आईकडे बघितलं. तिनं माझी बाजू घ्यावी असं वाटत होतं.

"मीसुद्धा पाणी मागायच्या आधी तुझ्या मशीनचा आवाज ऐकते," आई म्हणाली. "जोरात चालली असली की थांबते."

मी मशीनवर जाऊन बसले. कॉलर सुईखाली तशीच होती. पायडलवर पाय ठेवला, पण तो दाबायची हिंमत होईना.